कूलंटला वास, जॉबला गंज, हातांना खाज: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय की आमचं सोल्युबल कटिंग ऑइल (पाण्यात मिसळून मशीनवर कापताना थंडाव्यासाठी सोडतात ते, म्हणजे कूलंट) तीन आठवड्यांत कुजलं, सोमवारी पंप सुरू केला की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो, बिडाच्या जॉबवर (मशीनवर घडवायच्या भागावर) गंज येतो आणि दोन ऑपरेटरांच्या हातांना खाज सुटली आहे. टाकी उपसून नवीन भरलं, वर बाजारातून आणलेलं जंतुनाशक ओतलं, तरी फरक पडला नाही. म्हणून माल भेसळीचा आहे, असं तुमचं म्हणणं.

आधी हातांचं बोलू, कारण बाकी सगळं त्यानंतर. त्या दोघांना त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि जंतुनाशक ओतणं आजच थांबवा. ते प्रमाणाबाहेर गेलं की त्वचेला त्रास होतो आणि टाकीतली घाण मात्र जागच्या जागी राहते. ज्या फडक्याने जॉब पुसला त्यानेच हात पुसू देऊ नका. त्यातल्या बारीक कणांनी कातडी सोलते आणि तिथून खाज सुरू होते. हातमोजे सुचवत नाही, फिरत्या स्पिंडलजवळ ते धोक्याचे.

आता वास. तुम्ही टाकलेल्या फोटोत टाकीवर तपकिरी तेलाचा जाड थर दिसतो. ते आमचं ऑइल नव्हे, मशीनच्या स्लाइडवेचं (सरकत्या पट्ट्यांचं) आणि हायड्रॉलिकचं गळून आलेलं तेल आहे. सुट्टीच्या दिवशी पंप बंद असतो, थरामुळे खाली हवा पोचत नाही, आणि हवेविना जगणारे जंतू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सोमवारचा वास तो. स्किमर (वरचं तेल काढून घेणारं यंत्र) लावा, नसेल तर सकाळी पंप सुरू करण्याआधी थर काढून घ्या. एकदा पंप फिरला की तेल मिसळतं आणि मग हाती लागत नाही.

नवीन भरूनही तेच का झालं? टाकी उपसली, पण तळाचा गाळ, पाइपांतला बुळबुळीत थर आणि चिप कन्व्हेयरखालचा (धातूचा कीस वाहून नेणाऱ्या पट्ट्याखालचा) चिखल तसाच राहिला असेल, तर ताजं मिश्रण पहिल्याच दिवशी नासायला लागतं. उपसण्याआधी जुन्या कूलंटमध्येच सिस्टम क्लीनर टाकून काही तास मशीन फिरवावं, मग उपसावं, गाळ खरवडावा, पाण्याने धुवावं आणि मग भरावं. हे काम किचकट आहे, मशीन अडकून पडतं, हे मान्य. पण याला आडवाट मला माहीत नाही.

गंजाचं कारण तुमच्याच एका वाक्यात सापडतं: ‘रोज फक्त पाणी घालतो.’ 200 लिटरच्या टाकीत 6 टक्क्यांनी 12 लिटर ऑइल असतं. चिप्स आणि जॉबबरोबर 50 लिटर मिश्रण बाहेर गेलं तर त्यातलं 3 लिटर ऑइल गेलं. तेवढं साधं पाणी घातलंत की उरतं साडेचार टक्के, आणि पुढच्या वेळी आणखी कमी, म्हणून गंज. शिवाय वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. क्षार मागे राहतात, पाणी जड होत जातं आणि इमल्शन (तेल-पाण्याचं मिश्रण) फुटायला लागतं. म्हणून टॉप-अप (कमी झालेलं भरून काढणं) 2-3 टक्क्यांच्या पातळ मिश्रणाने करा. ते वेगळ्या बादलीत, पाण्यात ऑइल ओतून बनवायचं, उलट नाही.

रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून ऑइलचं प्रमाण मोजायचं उपकरण) 6 दाखवतो असं तुम्ही म्हणता. त्या आकड्याला आमच्या डेटाशीटवरच्या फॅक्टरने गुणलंत तरच खरे टक्के मिळतात. आणि नमुन्यात गळकं तेल असेल तर रेघ धूसर होते, आकडा फुगतो. नमुना थोडा वेळ ठेवून, तेल वर आलं की खालून थेंब घ्या. उपकरणाचं शून्य मिश्रणाला वापरता त्याच पाण्यावर लावा. पीएचची पट्टीही बुडवा. ताज्या मिश्रणाचा पीएच 9 च्या आसपास असतो. तो 8.5 च्या खाली उतरला की जंतू वाढले समजा, मग वास येवो न येवो.

भेसळीची शंका मनात राहू नये. बंद कॅनमधला नमुना तुमच्या पसंतीच्या प्रयोगशाळेला द्या, खर्च आमचा. उरलेले बंद कॅन परत करायचे असतील तर तेही घेऊ. मात्र त्याआधी एक मशीन आमच्या हाती द्या. तुम्ही सांगाल त्या दिवशी आमचा माणूस क्लीनर घेऊन येईल, तुमच्या ऑपरेटरांसमोर टाकी साफ करून भरून देईल. तोवर टाकी ज्या नळाने भरता, त्याच नळाचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून ठेवा. त्याची कठीणता आधी तपासायची आहे.