सात डॉलरच्या रेन्वारने कुणीही करोडपती झालेलं नाही

दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड नव्याने फिरायला लागतो. गोष्ट अशी: अमेरिकेत एका बाईने जुन्या बाजारात सात डॉलरला एक खोकं घेतलं. आत एक बाहुली, प्लास्टिकची गाय आणि नदीकाठचं एक छोटं तैलचित्र. चित्र निघालं नामवंत फ्रेंच चित्रकार ऑग्युस्त रेन्वारचं, लिलावात गेलं आणि बाई रातोरात करोडपती झाली. शेवटी सल्ला: 'आजोबांच्या माळ्यावरचं जुनं निसर्गचित्र भंगारात देऊ नका, फोटो काढून परदेशी लिलावगृहाला पाठवा, नशीब फळफळेल.'

बाई खरी, चित्र खरं, खोक्याची गोष्टही तिने खरोखर सांगितलेली. बाकीचं मात्र एकेक करून तपासायला हवं.

'चित्र लिलावात लाखो डॉलरला गेलं.' लिलाव झालाच नाही. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया इथल्या पोटोमॅक या लिलाव कंपनीने तो सप्टेंबर २०१२ च्या अखेरीला ठेवला होता. अंदाज होता ७५ हजार ते एक लाख डॉलरचा. म्हणजे अपेक्षासुद्धा 'लाखो'ची नव्हती. लिलाव तोंडावर आला असताना 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या एका बातमीदाराने बॉल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टच्या ग्रंथालयातले जुने कागद चाळले. त्यात हेच चित्र १९३७ मध्ये म्युझियमला उसनं दिल्याची नोंद सापडली. मग म्युझियमने आपली कार्डं उपसली, तर तिथे चोरीची तारीख: १७ नोव्हेंबर १९५१. लिलाव रद्द झाला, चित्र एफबीआयच्या ताब्यात गेलं. पुढे एफबीआयने मूल्यांकन करून घेतलं तेव्हा आकडा आला सुमारे २२ हजार डॉलर. रेन्वारचं नाव घेतलं की आपल्या डोळ्यांपुढे शून्यंच शून्यं नाचतात. पण हे चित्र केवढं? साधारण १४ बाय २३ सेंटिमीटर, शाळेच्या वहीच्या पानापेक्षा लहान. चित्रकाराचं नाव एकच असलं तरी त्याच्या मोठ्या, गाजलेल्या कॅनव्हासचा भाव अशा चिमुकल्या चित्राला मिळत नाही. त्यात मालकीवर प्रश्नचिन्ह.

'फ्रेमवर रेन्वारचं नाव होतं, म्हणजे काम झालं.' या फॉरवर्डमुळे सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. फ्रेमवर पितळी नावाची पट्टी होती हे बरोबर. पण तशी पट्टी कुठलाही फ्रेमवाला दुपारभरात ठोकून देईल. चित्रावरची सहीसुद्धा नंतर कुणी घालू शकतो. पोटोमॅकच्या तज्ज्ञांनी विश्वास ठेवला तो चित्राच्या पाठीवर. खोक्यातून चित्र घेतलेल्या बाईच्या सांगण्याप्रमाणे तिला फ्रेमच हवी होती, चित्र काढून टाकायचा बेत होता आणि मागचा तपकिरी कागद तिने फाडायलाही घेतला होता. आईने हटकलं म्हणून ती जाणकारांकडे गेली. त्या पाठीवर पॅरिसच्या बर्नहाइम-जून गॅलरीचं लेबल होतं. रेन्वारची चित्रं विकणारी ही नामांकित गॅलरी. तिच्या नोंदीत हेच चित्र होतं: 'पेझाज बोर दे सेन', म्हणजे सेन नदीकाठचा निसर्ग, १८७९ च्या सुमाराचं. १९२६ मध्ये ते हर्बर्ट मे यांनी घेतलं होतं.

तुकतुकीत हिरवा, मधूनच जांभळा, पाण्यावर तुटक फटकारे, हे सगळं पाहून कुणी 'हा तर इम्प्रेशनिस्ट', म्हणजे रेन्वारच्याच पंथातला चित्रकार, म्हणू शकेल. पण 'इम्प्रेशनिस्ट शैलीतलं' आणि 'अमुक इम्प्रेशनिस्टचं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १८७० नंतरची पन्नास-साठ वर्षं युरोप-अमेरिकेत हजारो हौशी आणि धंदेवाईक चित्रकार असेच फटकारे मारत होते. त्यांची चित्रं जुनी आहेत, देखणीही आहेत, पण ती रेन्वारची नाहीत. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये नुसतं चित्रकाराचं नाव, 'त्याचं मानलं गेलेलं' आणि 'त्याच्या धाटणीचं' असे वेगवेगळे शेरे असतात. एका शेऱ्यावरून दुसऱ्यावर घसरलं की किमतीतलं एखादं शून्य सहज गळतं. कुठला शेरा मिळणार, हे बरंचसं पाठीवरची लेबलं, पावत्या आणि जुन्या नोंदी ठरवतात.

आता गंमत बघा. ज्या लेबलाने हे चित्र रेन्वारचं असल्याची ग्वाही दिली, त्याच धाग्याने ते चोरीचं असल्याचंही दाखवून दिलं. गॅलरीकडून हर्बर्ट मे, तिथून त्यांची एकेकाळची पत्नी सेडी मे, तिथून उसनवारीवर बॉल्टिमोर. मालकीची साखळी ओढायला लागलात तर आपल्या सोयीच्या कडीपाशी थांबता येत नाही.

'तिने पैसे मोजून घेतलं, म्हणजे ते तिचंच.' फॉरवर्डच्या खाली लोक तावातावाने लिहितात, म्युझियमने गरीब बाईचा घास हिरावला वगैरे. अमेरिकी कायद्यात चोराला मालकी मिळतच नाही, त्यामुळे तो ती पुढे कुणालाही देऊ शकत नाही. मधे दहा हात बदलले आणि साठ वर्षं लोटली तरी नाही. जानेवारी २०१४ मध्ये अलेक्झांड्रियाच्या फेडरल न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी याच तत्त्वावर चित्र म्युझियमला दिलं. म्युझियमने पोलीस तक्रारीपासून उसनवारीच्या कार्डापर्यंत कागदांची चळत मांडली होती, समोरून ती खोडून काढणारं काही आलं नाही. सात डॉलरची हकीकतसुद्धा सगळ्यांना मान्य नव्हती. चित्र घरात फार आधीपासून होतं, असं कुटुंबातूनच कुणीतरी म्हटलं होतं. कोर्टाला त्यात शिरायची गरज पडली नाही. चोरी सिद्ध झाली की बाजारात घेतलं की माळ्यावर सापडलं, निकाल तोच.

हा नियम जगभर सारखा नाही, हे मान्य करायला हवं. इटलीत प्रामाणिकपणे घेणाऱ्याच्या बाजूने कायदा बराच झुकतो. फ्रान्समध्ये चोरीनंतर तीन वर्षांत मूळ मालक मागायला आला आणि वस्तू बाजारात किंवा जत्रेत घेतलेली असेल, तर घेणाऱ्याने मोजलेले पैसे मालकालाच भरून द्यावे लागतात. तीन वर्षं उलटली तर मालकाने हात चोळत बसायचं. पण चित्र फ्रेंच असलं तरी खटला व्हर्जिनियात होता. आपल्याकडचा १९३० चा वस्तुविक्रय कायदाही मुळात अमेरिकेसारखंच सांगतो: काही अपवाद सोडले तर विकणाऱ्याचा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. मुंबईच्या चोर बाजारात हौसेने फिरणाऱ्यांनी कलम २७ एकदा वाचायला हरकत नाही.

'म्युझियमला विम्याचे पैसे मिळाले होते, मग परत कशाला मागतात?' हा आक्षेप मला त्यातल्या त्यात विचार करण्याजोगा वाटतो. फायरमन्स फंड या विमा कंपनीने चोरीनंतर सुमारे अडीच हजार डॉलर दिले होते. पण त्याचा अर्थ फार तर एवढाच की चित्रावर हक्क विमा कंपनीने सांगायचा. कंपनीने तो म्युझियमसाठी सोडून दिला. खोकं घेणाऱ्याचा हक्क त्यातून कुठून निघतो?

'चोरीच्या यादीत नाव नव्हतं.' खरं आहे. लिलावगृहाने आर्ट लॉस रजिस्टर या चोरीच्या कलावस्तूंच्या नोंदवहीत पाहिलं होतं, तिथे काही नव्हतं. पण ती नोंदवही सुरू झाली १९९० च्या आसपास. १९५१ ची चोरी कुणी तिथे नेऊन कळवली नाही, तर ती आपोआप कशी उगवणार? यादीत नाव नाही याचा अर्थ कुणी नोंदवलं नाही, एवढाच.

रेन्वारने हे चित्र रेस्तराँमध्ये बसून प्रेयसीसाठी हातरुमालावर काढलं, ही सुरस कथाही फॉरवर्डमध्ये ठासून सांगतात. ती आख्यायिका आहे. ऐकायला छान, पुराव्याच्या कामाची नाही.

राहता राहिला माळ्याचा सल्ला. भंगारात देऊ नका, इतपत ठीक. फोटो पाठवायलाही कुणाची ना नाही, आणि फोटो काढणार असाल तर पाठीचा आधी काढा, तिथलं एकही लेबल किंवा कागद न सोलता. चित्र मात्र पार्सल करू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र ही पुरावस्तू ठरू शकते आणि ती देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला बंदी आहे. मग लिलावगृहाच्या उत्तराआधी तुमच्या दारात कस्टमची नोटीस येईल.