गेमवर बंदी आणणारा पक्ष कोणता?

अमेरिकी राजकारणावरचा एक दावा गेम खेळणाऱ्यांच्या गोतावळ्यात सतत फिरत असतो. थोडक्यात असा: व्हिडिओ गेमवर बंदी आणायला निघतात ते नेहमी डेमोक्रॅट, रिपब्लिकन पक्ष गेमला कधी दोष देत नाही, सुप्रीम कोर्टात गेम वाचवले ते उजव्या न्यायमूर्तींनी, आणि आजही गळचेपी करतं ते डावं सरकारच. प्रत्येक विधानात चिमूटभर खरं आहे, म्हणून तर ते सहज पचतं.

पहिल्या विधानात चिमटीपेक्षा जरा जास्तच आहे, हे आधी कबूल करतो. 1993 च्या डिसेंबरात ‘मॉर्टल कोम्बॅट’ आणि ‘नाइट ट्रॅप’ या गेमवरून सिनेटमध्ये जी गाजलेली सुनावणी झाली, ती जो लिबरमन आणि हर्ब कोल या दोन डेमोक्रॅट सिनेटरांनी लावून धरली होती. कायद्याचा बडगा दिसताच कंपन्यांनी 1994 मध्ये ईएसआरबी ही स्वतःची रेटिंग संस्था काढली. 2005 मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’मध्ये दडवलेला शृंगाराचा भाग उघडकीला आला आणि त्याच वर्षी हिलरी क्लिंटन लिबरमन यांच्यासोबत गेमविक्रीवर बंधनं घालणारं विधेयक घेऊन आल्या. इलिनॉय आणि मिशिगनमध्ये असे कायदे झाले तेव्हा तिथले गव्हर्नरही डेमोक्रॅटच.

पण सगळ्यात गाजलेला कायदा कॅलिफोर्नियाचा. 18 वर्षांखालच्या मुलाला हिंसक गेम विकला तर 1,000 डॉलरपर्यंत दंड. तो मांडला डेमोक्रॅट लेलंड यी यांनी, आणि त्यावर सही केली रिपब्लिकन गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी. होय, तेच, ज्यांनी पडद्यावर मशीनगन चालवून नाव कमावलं. खालच्या कोर्टांत हरल्यावरही ते वरच्या कोर्टात जात राहिले. सुप्रीम कोर्टात खटला गेला तेव्हा त्याच्या नावात आधी श्वार्झनेगर होते; 2011 च्या जानेवारीत जेरी ब्राउन हे डेमोक्रॅट गव्हर्नर आले आणि नावात ब्राउन आले. पक्ष बदलला, फिर्याद तीच. मुंबईत किती सरकारं आली-गेली, तरी नाटकाच्या संहिता तपासणारं परिनिरीक्षण मंडळ जागचं हललं नाही, हे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

(यी यांना 2014 मध्ये अटक झाली. आरोपांत बंदुकांच्या तस्करीचा कटही होता. पुढे त्यांनी संघटित गुन्हेगारीचा गुन्हा कबूल केला आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. याचा मूळ वादाशी काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आता कोर्ट. “उजव्यांनी वाचवलं” हे म्हणणाऱ्याने कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द करणाऱ्या 27 जून 2011 च्या निकालातली फक्त पहिली ओळ वाचलेली असते: निकाल लिहिला अँटोनिन स्कॅलिया यांनी. ते कट्टर उजवे, रेगन यांनी नेमलेले, हे खरं. त्यांचा युक्तिवादही झकास आहे. मुलांना आपण ग्रिम बंधूंच्या गोष्टी देतोच ना, त्यात सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं फोडतात. हिंसा आहे म्हणून अभिव्यक्तीचं संरक्षण काढून घेता येत नाही. पण त्यांच्यासोबत सही कोणाची? न्यायमूर्ती केनेडी यांची, आणि गिन्सबर्ग, सोटोमायोर, केगन या तिघींची. या तिघींना नेमणारे अध्यक्ष डेमोक्रॅट. त्या नसत्या तर स्कॅलियांच्या मताला बहुमतच मिळालं नसतं. अलिटो आणि रॉबर्ट्स हे दोघे उजवे निकालापुरते सोबत आले, पण त्यांचा आक्षेप एवढाच की कायदा मोघम आहे; नीट लिहिला तर पुन्हा बघू, असा सूर. आणि विरोधात गेलेले दोघे? थॉमस, थोरल्या बुशनी नेमलेले. आणि ब्रायर, बिल क्लिंटननी नेमलेले. दोन्ही घरचा एकेक. सात विरुद्ध दोन अशा या निकालात पक्षाची रेघ शोधायला गेलात तर पेन्सिल मोडेल.

सुनावणीच्या वेळी अलिटो यांनी स्कॅलियांना चिमटाही काढला होता: यांना खरं तर (अमेरिकी राज्यघटनेचे शिल्पकार) जेम्स मॅडिसन यांचं व्हिडिओ गेमबद्दल काय मत होतं हे विचारायचंय! एकाच गोटातल्या दोन माणसांत इतकं अंतर होतं.

“रिपब्लिकन गेमला दोष देत नाहीत” याला फार जागा द्यायची गरज नाही. 2006 मध्ये कॅन्ससचे रिपब्लिकन सिनेटर सॅम ब्राउनबॅक यांनी रेटिंग देणाऱ्यांनी आधी गेम पूर्ण खेळलाच पाहिजे असं विधेयक आणलं (नोकरी वाईट नव्हती). 2018 मध्ये पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर ट्रम्प यांनी गेम कंपन्यांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून हिंसक दृश्यांची चित्रफीत दाखवली. 2019 च्या ऑगस्टमध्ये एल पासो आणि डेटनच्या हत्याकांडांनंतरच्या भाषणातही त्यांनी गेमकडे बोट दाखवलं. गोळीबारानंतर बंदुकांवर बोलायचं नसलं की गेम हाताशी असतातच. ओबामांनीही 2013 मध्ये गेम आणि हिंसाचाराच्या संबंधावर संशोधनासाठी काँग्रेसकडे पैसे मागितले होते. पण त्यांच्या यादीत बंदुकाही होत्या, हा फरक मी मान्य करतो.

राहिलं शेवटचं विधान. इथे दावा करणाऱ्यांचा पत्ताच चुकतो. अभिव्यक्तीचं संरक्षण देणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, कंपनीला नाही. 2019 मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनाच्या बाजूने घोषणा देणाऱ्या एका खेळाडूवर ब्लिझार्ड या गेम कंपनीने बंदी घातली. त्याविरुद्ध कंपनीला गेलेल्या पत्रावर तेव्हाचे रिपब्लिकन सिनेटर मार्को रुबियो आणि डेमोक्रॅट खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ या दोघांच्याही सह्या होत्या. एरवी ही दोन माणसं एका कागदावर क्वचितच दिसतात.

2025 च्या जुलैमध्ये तर सरकारही नव्हतं आणि पक्षही. ‘कलेक्टिव्ह शाउट’ या ऑस्ट्रेलियन संघटनेने पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांवर दबाव आणला. गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने काही प्रौढ गेम काढून टाकले, इच डॉट आयओ या तशाच दुसऱ्या दुकानाने तसले गेम शोधातूनच गायब केले. मास्टरकार्ड म्हणालं, आम्ही कुणाला काही काढायला सांगितलं नाही. स्टीमवाल्या व्हॉल्वने मधल्या प्रोसेसर आणि बँकांकडे बोट दाखवलं. कॅलिफोर्नियाच्या वेळी कोर्टात खेचायला निदान एक गव्हर्नर होता.