एकाच कपाटातलं उसनं

साताऱ्यातल्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर वाघनखांचा वाद काही मिटत नाही. खरी की नुसतीच जुनी, यावरून दोघांनी बोलणं टाकलं. मला मात्र झोंबला तो तिसऱ्याचा मेसेज : "तीन वर्षांसाठी उसनी आणायला आपण काय आफ्रिकेतला देश आहोत? तिथे राज्यं तरी होती का कधी?"

मी बारा वर्षं पश्चिम आफ्रिकेतल्या घानात, कुमासी शहरात राहतो. लंडनच्या ज्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून जुलै २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याला आली, त्याच म्युझियमने त्याच वर्षी, तीनच वर्षांच्या बोलीवर, इथल्या आसान्ते राजांचं सोनं त्यांच्याच मान्हिया राजवाड्यात पाठवलं. ब्रिटिश म्युझियमचे धरून बत्तीस नग. बरेचसे १८७४ च्या लुटीतले.

राज्यं होती का म्हणे! शेजारच्या डेंक्यिरा राज्याला खंडणी भरणाऱ्या अकान लोकांच्या सरदारांची मोट पहिला आसान्ते राजा ओसेई टूटूने बांधली आणि १७०१ मध्ये फेयियासेच्या लढाईत त्याच डेंक्यिराला धूळ चारली. स्वराज्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला हे समजायला जड जाऊ नये. त्याचा पुरोहित ओकोम्फो आनोक्येने शुक्रवारी आभाळातून सोन्याचं आसन उतरवलं, अशी इथली श्रद्धा. त्यावर राजासुद्धा बसत नाही, कारण अख्ख्या आसान्ते लोकांचा जीव त्यात आहे. १८२४ मध्ये यांच्याशी लढताना इंग्रज गव्हर्नर मॅकार्थी मारला गेला.

मग १८७४ मध्ये इंग्रज सेनापती वुल्झलीने कुमासी जाळली, राजवाडा सुरुंगाने उडवला आणि वर पन्नास हजार औंस सोन्याचा दंड लादला. मांडलिक फुटले. गादीसाठी घरातच लढाया झाल्या. हे आपल्याला अनोळखी आहे का? १८९६ मध्ये प्रेम्पेह राजा लढला नाही, तरी त्याला धरून नेलं आणि पुढे सेशेल्समध्ये ठेवलं. १९०० साली गव्हर्नरने ते आसन स्वतःला बसायला मागितलं, तेव्हा एजिसूची राजमाता याआ आसान्तेवा युद्धाला उभी राहिली. ती हरली, सेशेल्समध्येच वारली. आसन मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागलं नाही.

प्रेम्पेह १९२४ मध्ये परत आला. आपले प्रतापसिंह महाराज १८३९ मध्ये पदच्युत होऊन काशीला गेले, ते परत आलेच नाहीत. ग्रुपवर हे लिहिताना माझा घसा दाटून आला.

उत्तर आलं, "तू आता त्यांचाच झालास."

त्यावर मी गप्प बसलो. कारण दोन गोष्टी मी लिहिल्या नव्हत्या. आसान्ते राज्याने युद्धकैदी गुलाम म्हणून किनाऱ्यावर विकले, आणि त्या व्यापारातूनही त्याची ताकद वाढली. मला वाद जिंकायचा होता, म्हणून ते गाळलं. दुसरी गोष्ट, पहिल्याच वर्षी कुमासीच्या केजेटिया बाजारातून ट्रोट्रोत, म्हणजे इथल्या वडापमध्ये बसून मी आईला फोनवर सांगितलं होतं, "इथे इतिहास-बितिहास काही नाही गं." तेच वाक्य मित्राच्या तोंडी आलं तेव्हा मी भडकलो. आता अक्वासिदाए या राजसणाच्या रविवारी मान्हियाच्या अंगणात नगारे सुरू झाले की छातीत जे भरून येतं, ते पहिल्यांदा अजिंक्यताऱ्यावर भरून आलं होतं.

२०२४ च्या दिवाळीला घरी गेलो, तेव्हा आबांना घेऊन वाघनखं पाहायला गेलो. गर्दीत काचेपुढे उभे होतो. मी आबांच्या कानाशी म्हणालो, "आमच्याकडे पण तीनच वर्षांसाठी दिलंय."

आबांनी वळून पाहिलं. "आमच्याकडे म्हणजे कुठं रे?"