माझाच कॅमेरा, आणि बिलही मीच दाखवायचं

‘बघून तर जावा, रेटमध्ये कमी-जास्त करूया की.’

हे मला माझ्याच कॅमेऱ्याबद्दल ऐकवलंय एका गृहस्थानं, काल रात्री. माझा कॅनन फाइव्ह डी मार्क फोर, वर सत्तर-दोनशेची झूम लेन्स लावलेली, मंगल कार्यालयात स्टेजमागून बॅगेसकट गेला तो. आता ऑनलाइन विकायला आहे. ‘सिंगल ओनर, घरगुती वापर, फक्त फॅमिली फोटो.’ घरगुती! अरे, बेळगावातल्या निम्म्या शहापूर-वडगावची लग्नं त्यानं काढलीत. कंपनीनं 1,50,000 क्लिकचं सांगितलेलं शटर मी कधीच ओलांडलंय, आणि हा लिहितो ‘शटर काउंट खूप कमी’.

आणि फोटो कसला टाकलाय! गुलाबाच्या फुलांची चादर, मागून खिडकीचा उजेड, वर मोबाईलची सावली. चोरी एक वेळ सोसेन, असला फोटो नाही सोसत.

माझाच कशावरून म्हणाल, तर ग्रिपचं रबर सुटलं होतं ते मी फेविक्विकनं चिकटवलंय, त्याचा पांढरा डाग अंगठ्याजवळ तस्साच आहे. झूम रिंगच्या खाचांत हळद बसलीय, ती टूथब्रशनं घासूनही निघत नाही. खाली लिहिलंय, ‘बिल हरवलंय, चार्जर नाही.’ चार्जर कुठनं असणार? तो माझ्या घरी टीव्हीच्या मागे प्लगला आहे!

गिऱ्हाईक बनून बोललो. म्हटलं, एक सॅम्पल फोटो पाठवा, क्वालिटी बघतो, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवा. भल्या माणसानं दारातल्या म्हशीचा काढून पाठवला. उघडून फाइलची माहिती बघितली तर बॉडीचा सिरीयल नंबर आत लिहिलेला. माझ्या बिलावरचाच, आकड्याला आकडा. आता खरं सांगतो, पहिल्यांदा मी काय बघितलं? फोकस. म्हशीच्या डोळ्यावर नेमका बसलाय, पापण्या मोजून घ्या. लेन्स अजून शार्प आहे म्हणून मला बरं वाटलं. आणि त्यानं किंमत सांगितल्यावर ‘एवढ्याला?’ म्हणून डोकं फिरलं, इतका स्वस्त लावला म्हणून! वर सवयीनं ‘थोडं कमी करा की’ असंही टाइप केलं. असला हा मालक.

तर ती म्हैस छापून घेऊन ठाण्यात गेलो. हवालदारसाहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला. ‘इदराग नंबर एल्लैत्री? एम्मी ऐती.’ म्हणजे, यात नंबर कुठाय, म्हैस आहे. मी म्हटलं, नंबर फाइलीत असतो, म्हशीत नाही. मग बिल मागितलं. दिलं. झेरॉक्स नको, ओरिजिनल. दिलं. बॉक्स? बॉक्सवरचा स्टिकर? ‘हा नंबर तुमच्याच कॅमेऱ्याचा हे कशावरून?’ म्हणजे विकणाऱ्यानं ‘बिल हरवलंय’ म्हटलं की जग मान डोलावतं, आणि ज्याच्याकडे बिल आहे त्यानं जन्माचा दाखला आणायचा.

पुढची मजा ऐका. आधी दिलेली तक्रार काढून बघितली तर त्यात चोरी नाहीच! ‘प्रवासात गहाळ’. प्रवास कुठला? स्टेजपासून पंगतीपर्यंतचा? गहाळ लिहिलं की तपास नको, एवढं न कळायला मी काय काल जन्माला आलोय? वर, विकणारा कागलच्या बाजूचा आहे म्हटल्यावर चेहरा एकदम खुलला. ‘अरे, ते महाराष्ट्र. तिकडं जावा.’ तिकडं गेलो. तिकडचे म्हणाले, ‘चोरी कर्नाटकात, आम्ही काय करणार?’ 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार नोंदवून घ्यायलाच पाहिजे. हे सांगितलं तर ‘वकील आहे काय तुम्ही?’

नाही हो, फोटोग्राफर आहे. सीमाभागातला. आमचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा मोठा दावाच 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, माझा कॅमेरा म्हणजे फारच ताजं प्रकरण. जरा कुठं खुट्ट झालं की दोन्हीकडच्या बस निपाणी-कागलला थांबतात, बोर्डांना काळं फासतात, आम्ही स्टँडवर बॅगा घेऊन बसतो. चोरीचा कॅमेरा मात्र सीमेवरच्या कोगनोळीवरून आरामात पार. त्याला कोण विचारत नाही, तू मराठी की कन्नड.

त्या वेबसाइटचं तर नावच नको. ‘तक्रार करा’ दाबलं तर पर्याय काय, तर चुकीचा विभाग, अश्लील मजकूर, डुप्लिकेट जाहिरात. ‘ही वस्तू माझी आहे’ असा पर्यायच नाही. शेवटी अश्लील दाबलं. ती चादर बघता खोटं नव्हतं. उत्तर आलं, जाहिरात नियमांत बसते. आणि खाली ‘तुमच्या आवडीचं’ म्हणून माझाच फ्लॅश दाखवला!

मोबाईल चोरला तर सरकारी पोर्टलवर आयएमईआय टाकून ब्लॉक तरी होतो. कॅमेऱ्याला सिरीयल नंबर असून तो कोण ब्लॉक करत नाही, म्हशी काढत बसतो.

बरं, उद्या पकडला तरी लगेच हातात येतोय होय? मुद्देमाल! पंचनामा, मग कोर्टात अर्ज, मग सुपुर्दनामा. 2002 साली सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय, असल्या वस्तू फोटो-पंचनामा करून लवकर मालकाला द्या, पंधरा दिवस ते महिन्याच्या वर ठाण्यात ठेवू नका. ठाण्याच्या आवारातल्या मोटरसायकलींवर वेली चढल्यात त्यांना हे कोण वाचून दाखवणार? आमच्याकडचा पाऊस माहितीय. गोदामात एक पावसाळा काढला की लेन्समध्ये बुरशीची जाळी, मग सगळ्या नवऱ्या धुक्यात.

आणि नातेवाईक! ‘इन्शुरन्स नव्हता काय?’ ‘बॅगेकडं लक्ष नव्हतं काय?’ आत्ते, माझा डोळा व्ह्यूफाइंडरला होता, त्याचेच पैसे घेतो मी. घेतो म्हणजे, मिळाले तर. तुझ्या पोराच्या मुंजीचा बॅलन्स अजून यायचाय. तेव्हा ‘घरचाच पोरगा’ होतो, अल्बम मागताना मात्र ‘प्रोफेशनल’. आणि ते ऐन मंगळसूत्राच्या वेळी मोबाईल घेऊन माझ्यापुढं उभे राहणारे काका, चोरानं बॅगेऐवजी त्यांना उचललं असतं तर मी तक्रारसुद्धा दिली नसती.

आता खरी गोम. नवरीचे वडील रोज सकाळी फोन करतात, ‘सप्तपदीचे फोटो कुठवर आले?’ आले कुठवर म्हणजे, कागलपर्यंत आलेत. कार्ड त्याच कॅमेऱ्यात आहे. दुसऱ्या कॅमेऱ्यात पंगत आहे नुसती, जिलेबी वाढणारे.

मघाशी त्याचा मेसेज आला. ‘सर, टोकन टाका, दुसरी पार्टी इचलकरंजीहून येतीय. तुम्ही घेतला तर कार्ड फ्री. फॉरमॅट करूनच देतो, टेन्शन नको.’

हात कापायला लागले. गप्प बसलो तर सप्तपदी गेली, बोललो तर संशय. शेवटी लिहिलं, ‘फॉरमॅट नको, तसंच चालेल.’

दोन निळ्या टिका. टायपिंग, टायपिंग, टायपिंग.

‘का हो? काय आहे त्यात?’