उणे दोन पॉइंट एक

शाळेत गणितात मला शून्याच्या खाली मार्क कधी पडले नाहीत. ती कसर त्रेपन्नाव्या वर्षी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा मशीननं भरून काढली. पाठीवर झोपवलं, वरून एक दांडा सरकत गेला आणि दहा मिनिटांत निकाल हातात. मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.१.

"ही तुलना कुणाशी केलीय?" मी विचारलं.

"ऐन तारुण्यातल्या निरोगी बाईशी."

त्या हिशेबानं माझं सगळंच उणे निघेल, नुसती हाडंच कशाला!

डॉक्टरीणबाई सातारकर, त्यामुळे समजावणंही सातारी. "असं समजा, तुम्ही पुण्याच्या एसटीत बसलाय. स्वारगेट म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार, उणे २.५. तुम्ही कात्रजपर्यंत आलाय." मग त्यांनी हाडांचं आतलं काम सांगितलं. आत म्हणे जन्मभर पाडकाम आणि बांधकाम शेजारीशेजारी चालू असतं. पाडणाऱ्यांना आवरणारा मुकादम म्हणजे इस्ट्रोजेन. पाळी जाते तसा मुकादमही जातो, आणि पाडणारे मोकाट सुटतात. पहिली पाच-सात वर्षं तर नुसता धुमाकूळ. माझा मुकादम तीन वर्षांपूर्वी गेला होता. पाळी एकदाची संपली म्हणून मी तेव्हा पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

घरी आल्यावर ह्यांनी, म्हणजे हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या माणसानं, लाइट बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला. दिवसाला कॅल्शियम हवं १००० ते १२०० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५०. "म्हणजे तीनशे ग्रॅम नाचणी रोज. प्रश्न सुटला!" प्रश्न ह्यांचा सुटला, माझा सुरू झाला. सोमवारी भाकरी, मंगळवारी आंबील, बुधवारी धिरडं, गुरुवारी सत्त्व, शुक्रवारी लाडू. शनिवारी लेकानं मोबाइलवर बघून नाचणीचा केक केला. तो कापायला ह्यांनी हातोडी आणू का म्हणून विचारलं.

सगळ्यात जास्त करमणूक आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची झाली. त्यांचं माहेर जावळीतलं, डोंगरातलं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मायेनं केलेली नाचणीची भाकरी मी नाकारली होती. 'आमच्याकडे गहू असतो' असं काहीतरी बोललेही होते. आत्याबाईंनी ते वाक्य अठ्ठावीस वर्षं लोणच्यासारखं मुरवून ठेवलं होतं.

"पाव्हणं आलं की आमी नाचनीचं गाडगं मागं सारायचो, लाज वाटायची म्हणून. आन् तू डाक्टरला पैसं देऊन तीच खातीयास व्हय?"

मी निमूटपणे आंबील प्यायले.

बरं, नुसत्या नाचणीनं भागत नाही. दूध, दही, कडधान्यं, अंडं हवंच. प्रथिनांवाचून हाडं बांधणार कशानं? तीळ हवेत, तेही न सोललेले, कारण पांढऱ्याशुभ्र तिळाचं कॅल्शियम सालाबरोबर गेलेलं असतं. पालकावर मी फार भरवसा ठेवला होता. तर कळलं, त्यातलं ऑक्सलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. आणि मीठ कमी, कारण जास्तीचं मीठ लघवीतून जाताना कॅल्शियमला सोबत घेऊन जातं. साताऱ्यात राहून खर्डा कमी करायचा! ही शिक्षा कोणत्या कलमाखाली बसते ते कोर्टातल्या माझ्या मावसभावाला विचारायचंय.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. कॅल्शियमची जेवणानंतर, सकाळची थायरॉईडची अनशापोटी, आणि दोघींमध्ये चार तासांचं अंतर. दोन जावांची तोंडं इतकी लांब ठेवावी लागत नाहीत.

व्यायामाला मात्र मी घाबरत नव्हते. रोज पहाटे पावणेसहाला मी आणि शेजारच्या वहिनी अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेनं 'चार भिंती' स्मारकापर्यंत जातो, हे मी डॉक्टरीणबाईंना छाती पुढे काढून सांगितलं. चढण चांगली, त्या म्हणाल्या, अंगाचं वजन पायांवर येतं. मग पोहायला जाऊ का? पोहा, पण तिथं तुमचं वजन पाणी उचलतं, हाडांना पत्ताही लागत नाही. सायकल? तेच. तेवढ्यात त्यांचं लक्ष रक्ताच्या रिपोर्टकडे गेलं. व्हिटॅमिन डी ११, म्हणजे फारच कमी.

"किल्ला चढता आणि डी ११?"

आता काय सांगणार! पहाटे ऊन नसतं. परत येताना थोडं असतं, पण तोवर डोक्याला स्कार्फ, अंगात पूर्ण बाह्यांचा सनकोट, हातात मोजे. साताऱ्यात कॉलेजच्या पोरींपासून माझ्यापर्यंत सगळ्या जणी गाडीवर अशाच निघतात, दरोडा घालायला निघाल्यासारख्या. सूर्यनारायणाला माझे फक्त डोळे माहीत. तेही गॉगल नसला तर.

आठवड्याला एक पुडी दुधातून लिहून मिळाली. शिवाय दुपारचं, उघड्या हातापायांवर घ्यायचं ऊन, वीस मिनिटं. खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही. म्हणून ऐन एप्रिलमध्ये मी बारा वाजता गच्चीत जाऊन बसले. तिथं आधीच तीन घरच्या कुरडया पसरलेल्या. दुसऱ्या दिवशी चार घरच्या. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरून हाक आली, "वहिनी, तुम्ही वर बसताच आहात, तर आमच्या सांडग्यांवरचे कावळे तेवढे हाका." माझं डी किती वाढलं ते यथावकाश कळेल. बिल्डिंगमध्ये यंदा एकही कुरडई कावळ्यानं नेली नाही.

मग फिजिओथेरपीवाली मुलगी. माझ्या लेकाच्या वयाची. ती म्हणाली, "काकू, हाडाला धक्का बसला की ते घट्ट होतं. तुमचे मणके शाबूत आहेत, गुडघेही बरे आहेत, तेव्हा थोड्या उड्या मारू." ज्यांचा मणका आधीच दबलाय त्यांनी असलं काही करायचं नाही, कमरेत वाकून पायाचे अंगठेही धरायचे नाहीत, हे तिनं दोनदा बजावलं. नणंदेनं हौसेनं शिकवलेलं पश्चिमोत्तानासन मी त्याच दिवशी सोडलं. माझा अंगठा तसाही कधी हाताला लागला नव्हता.

दहा उड्या, दिवसातून दोनदा. पहिल्याच दिवशी खालचे भाऊ वर आले. "वहिनी, फरशी बसवताय का?"

शिवाय वजनं उचलायची. डंबेल्स आणायच्या आधी मी दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन हॉलमध्ये हात वरखाली करत होते. आत्याबाई जपाची माळ थांबवून बघत राहिल्या. त्यांनी डोक्यावर दोन, कमरेवर एक अशा घागरी घेऊन ओढ्याचा चढ चढलेला. जातं ओढलं, लाकडं वाहिली. "ह्यात येक लिटर तरी हाय का गं?" त्यांनी विचारलं.

एक लिटरच होतं.

पण गंमत अशी, की एवढं करूनही हाडांनी त्यांना सोडलं नाही. पाच बाळंतपणं, दूध सगळं डेअरीला, त्यांच्या वाट्याला कोरा चहा. आमच्याकडे दाराच्या चौकटीवर लेकाच्या उंचीच्या खुणा आहेत, पेन्सिलीनं, दर वाढदिवसाच्या. परवा ह्यांनी तिथं माझी खूण केली. उंची घटली की मणके दबत असतील अशी शंका घ्यायची, म्हणून. मग आत्याबाईंनाही उभं केलं. त्यांची खूण लेकाच्या सातवीतल्या खुणेपाशी आली. लग्नाच्या फोटोत त्या मामंजींच्या कानाला लागतात. त्या काही बोलल्या नाहीत. हातानं ती खूण चाचपली आणि म्हणाल्या, "लुगड्याला निऱ्या जास्ती येत्यात, मला वाटायचं कापडच ऐसपैस मिळतंय."

दुसऱ्या दिवसापासून आंबील दोघींची होते. त्यांचा डेक्सा पुढच्या आठवड्यात आहे, आणि न्हाणीघरात पडू नयेत म्हणून भिंतीला दांडाही बसवलाय.

राहता राहिले पेढे. मोती चौकातून आणलेले कंदी पेढे म्हणजे आटवलेलं दूध, म्हणजे कॅल्शियम, हा माझा युक्तिवाद. साखरेकडे बोट दाखवून ह्यांनी तो फेटाळला आणि डबा स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. त्या फिजिओथेरपीवाल्या पोरीनं मला शेवटचा व्यायाम दिलाय तो असा: ओट्याला हात टेकून उभं राहायचं, टाचा उचलायच्या, चवड्यांवर थांबायचं, सावकाश खाली. पंधरा वेळा.

"आज किती झाले?" ह्यांनी बाहेरून विचारलं.

"चार," मी सांगितलं. तोंड भरलेलं होतं, त्यामुळे काय चार ते त्यांना नीट कळलं नसावं.