पंधराशे भरून बारा हजार ‘वाचवणाऱ्या’ मेसेजला उत्तर

‘वर्षाला फक्त 1,500 भरा आणि 12,000 वाचवा!’ अशा मथळ्याचा मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. ॲमेझॉन प्राइमसारखी शॉपिंग आणि ओटीटीची (घरबसल्या सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या ॲपची) मेंबरशिप प्रत्येक शहाण्या घरात का असायलाच हवी याची कारणं त्यात दिली आहेत, प्रत्येक कारणापुढे हिरवी टिकमार्क आणि शेवटी जोडलेले हात. इतरांकडून आला तेव्हा मी सोडून दिला. पण परवा तो मिरजेहून आत्याने पाठवला आणि खाली विचारलं, ‘घेऊ का रे?’ आत्या निवृत्त शिक्षिका. पेन्शनमधला भाजीचा खर्चसुद्धा वहीत लिहिते. तिला फोन केला तर कळलं की ‘घेऊ का’ विचारायच्या आधीच एक घेऊन झाली होती. त्या प्रकरणाकडे येतोच. आधी ते बारा हजार.

मेसेजमधला हिशोब असा: वर्षात 60 ऑर्डरी, प्रत्येकी 40 रुपये डिलिव्हरी, म्हणजे 2,400 वाचले. महिन्याला 4 सिनेमे घरबसल्या, थिएटरचं तिकीट 200 धरलं तर वर्षाचे 9,600 वाचले. बेरीज बारा हजार. बेरीज बरोबर आहे, त्याबद्दल अभिनंदन.

आता मला सांगा, महिन्याला चार सिनेमे थिएटरात जाऊन कोण बघत होतं? आत्या वर्षातून एखादा बघते, तोही कुणी नेलं तर. म्हणजे तिचे 9,600 रुपये वाचले नाहीत, कारण ते कधी खर्चच होणार नव्हते. या हिशोबाने मी काल सराफाकडे गेलो नाही, तर माझेही लाखभर रुपये वाचले. मेंबरशिप नसती तर तुमच्या खिशातून खरोखर किती गेले असते, तेवढाच आकडा ‘वाचले’च्या रकान्यात जातो. बाकी सगळं फार तर करमणूक. करमणुकीला पैसे द्यायला माझी ना नाही, पण मग तिला खर्च म्हणा.

बरं, करमणूक तरी कोणती? आत्याला हव्यात मालिका. स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी5वर. शॉपिंगची मेंबरशिप घेतली म्हणून या दोन्ही ॲपची वर्गणी काही माफ होत नाही. ‘सगळं एकाच मेंबरशिपमध्ये’ असं मेसेज म्हणतो, ते लिहिणाऱ्याने मराठी घरातला संध्याकाळी सात ते दहाचा टीव्ही पाहिलेला नाही. ‘केबल बंद करा’ हा सल्लाही त्याच पेनातून आलेला. केबल बंद करून त्याच मालिका बघायला दोन ॲप, वर घरचं वायफाय, आणि रिमोटवर ‘ते लाल बटण कुठलं’ म्हणून रोज मला फोन.

‘जाहिरातींचा त्रास नाही’ हे तर सरळ खोटं. प्राइम व्हिडिओवर भारतात 17 जून 2025 पासून जाहिराती आल्या. त्या नको असतील तर वर्षाचे 699 किंवा महिन्याचे 129 रुपये वेगळे. म्हणजे प्राइमचे वर्षाचे 1,499 अधिक 699, झाले 2,198. मेसेज बहुधा त्याआधीचा असेल, पण मग अजून फॉरवर्ड करताय कशाला?

याच ओघात ‘फायदे दरवर्षी वाढतच जातात’ हेही उरकून टाकू. प्राइम भारतात 2016 मध्ये आलं तेव्हा सुरुवातीची किंमत वर्षाला 499 होती. मग 999 झाली, डिसेंबर 2021 मध्ये 1,499. महिन्याचा दर एप्रिल 2023 मध्ये 179 वरून थेट 299 वर गेला. जेवण मागवायच्या मेंबरशिपचंही तेच: झोमॅटोने मे 2025 पासून गोल्ड सदस्यांनाही पावसातला जादा आकार लावायला सुरुवात केली. पावसात घराबाहेर पडवत नाही म्हणूनच तर माणूस घरी मागवतो! एकदा सवय लागली की दर वाढतो आणि सवलत आटते.

डिलिव्हरीचे 2,400? साधारण पाचशेच्या वरची ऑर्डर सदस्य नसलेल्यालाही बहुतेक वेळा फुकटच पोचते. पैसे पडतात ते छोट्या ऑर्डरींना. एका छोट्या ऑर्डरीला 40 रुपये धरले तरी 1,499 वसूल व्हायला वर्षात 38 छोट्या ऑर्डरी लागतात, म्हणजे महिन्याला तीनाहून जास्त. आणि मेंबरशिप घेतली की हाताला चाळा लागतो. दीडशेचा झाकणवाला डबा, नव्वदची चिमट्यांची पाकिटं. आधी या वस्तू यादीत साठून एकदम मागवल्या जायच्या, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून यायच्या.

कार्डावर ‘5 टक्के परत’ मिळतात, हे अर्धसत्य आहे. ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डावर प्राइमवाल्याला ॲमेझॉनच्या खरेदीवर 5 टक्के मिळतात, हे खरं. पण प्राइम नसलेल्यालाही 3 टक्के मिळतात, ते मेसेजने गिळलं. मेंबरशिपने मिळतात ते वरचे 2 टक्के. तेवढ्यावर 1,499 काढायचे तर वर्षाला पंचाहत्तर हजारांची खरेदी हवी. सेलमध्ये मेंबरांना आधी प्रवेश मिळतो हे मात्र शंभर टक्के खरं. मोबाईल किंवा फ्रिज घ्यायचाच असेल तर त्याचा उपयोगही होतो. मान्य.

आता ज्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते वाक्य: ‘फ्री ट्रायल घेऊन बघा, कार्ड किंवा यूपीआय फक्त व्हेरिफिकेशनसाठी, आवडलं नाही तर एका क्लिकवर बंद!’

आत्याने हेच केलं. एका ओटीटी ॲपची सात दिवसांची ट्रायल, 2 रुपयांत. यूपीआय पिन टाकला, 2 रुपये गेले, दोन दिवस काहीबाही बघितलं, आवडलं नाही, ॲप फोनमधून काढून टाकलं. तिच्या दृष्टीने विषय संपला. पुढे दर महिन्याला 299 रुपये जात राहिले. वहीतला हिशोब आणि पासबुक जुळेना तेव्हा तिला वाटलं, आपलीच बेरीज चुकतेय. मला राग आला तो याचा. पैसे गेल्याचा त्यामानाने कमीच. उभं आयुष्य वर्गात गणित शिकवलेली बाई स्वतःच्या बेरजेवर शंका घेत बसली होती.

झालं होतं काय, तर तिने 2 रुपयांसाठी पिन टाकला त्याच वेळी ऑटोपेचं मँडेटही, म्हणजे खात्यातून दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगीही, मंजूर झालं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा मँडेटला पहिल्यांदा ओटीपी किंवा पिन लागतो. नंतर 15,000 रुपयांपर्यंतची ठरलेली कपात पुन्हा न विचारता होते. ॲप फोनमधून काढलं म्हणून मँडेट रद्द होत नाही, कारण मँडेट ॲपमध्ये नसतं, बँकेकडे असतं. कपातीच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते. ती आलीही होती. इंग्रजीत, कर्जाच्या ऑफर, केवायसीची आठवण आणि रिचार्जच्या मेसेजांच्या ढिगाऱ्यात.

‘ही तर आत्याचीच चूक’ असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी थोडं थांबावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा चकवणाऱ्या 13 मांडण्या त्यात दिल्या आहेत. त्यातली एक ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’. वर्गणी बंद करणं अशक्य किंवा लांबलचक करणं, बंद करायचा पर्याय लपवणं, त्याच्या सूचना गोंधळात टाकणाऱ्या ठेवणं, हे सगळं त्यात येतं. आणि आणखी एक गोष्ट येते: फुकट वर्गणीसाठी ग्राहकाला पैसे भरायचा तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं. पुन्हा वाचा. मेसेज ज्याला ‘फक्त व्हेरिफिकेशन’ म्हणतो, त्याला सरकारी कागदात सापळा म्हटलंय. आत्याच्या ट्रायलला 2 रुपये का लावले होते, त्याचं उत्तर ज्याने त्याने शोधावं.

‘एका क्लिकवर बंद’चीही गोष्ट ऐका. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनने जून 2023 मध्ये ॲमेझॉनवर खटला भरला. लोकांना नीट संमती न घेता प्राइममध्ये ओढलं आणि बाहेर पडणं मुद्दाम अवघड ठेवलं, असा आरोप. तक्रारीत म्हटलं होतं की रद्द करायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत, आणि कंपनीत या प्रक्रियेला ‘इलियड’ म्हणत. ट्रॉयच्या लांबलेल्या वेढ्यावरचं महाकाव्य ते! सप्टेंबर 2025 मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता अडीच अब्ज डॉलर्सवर तडजोड केली. त्यात एक अब्ज दंड आणि दीड अब्ज ग्राहकांना परतावा, सुमारे साडेतीन कोटी ग्राहकांसाठी. ही अमेरिकेतली गोष्ट आहे, तो परतावा इथल्या कुणाला मिळणार नाही. पण बंद करणं एका क्लिकचं काम असतं तर एवढी रक्कम मोजायची वेळ आली असती का?

आईवडिलांच्या, काका-मावशीच्या फोनवर आजच हे बघा. यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइलखाली ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ अशी जागा असते, तिथे चालू असलेली सगळी मँडेट दिसतात आणि तिथूनच रद्द करता येतात. कार्डावरची असतील तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा साइटवर ई-मँडेट शोधा. आत्याच्या फोनमध्ये त्या ओटीटीच्या जोडीला कुठल्याशा भविष्य सांगणाऱ्या ॲपचंही मँडेट निघालं. त्यावर ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. पैसे परत मागताना आधी कंपनीला लेखी कळवा, दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

मग मेंबरशिप कुणीच घेऊ नये का? तसं नाही. माझ्या एका मित्राच्या घरी लहान मूल आहे, दोघं नोकरीला, डायपरपासून पेन्सिलीपर्यंत सगळं दारात येतं, आणि रात्री मूल झोपल्यावर अर्धा सिनेमा बघणं हीच त्यांची चैन. त्यांचे 1,499 दिवाळीच्या आधीच वसूल होतात. बाजारपेठेपासून लांब, जिथे हवी ती वस्तू मिळत नाही अशा गावात राहणाऱ्यालाही परवडेल. ते ठरवायला मेसेज लागत नाही. ॲपमध्ये ‘तुमच्या ऑर्डरी’ उघडा, गेल्या वर्षभरातल्या पाचशेच्या खालच्या मोजा, बस.

आत्याच्या ऑर्डरी आम्ही फोनवरच मोजल्या. अकरा. त्यातल्या चार मीच तिच्या पत्त्यावर मागवलेल्या.

राहता राहिली मेसेजच्या तळाची ओळ: ‘खालच्या लिंकवरूनच घ्या म्हणजे जास्त सवलत मिळेल.’ त्या लिंकच्या शेपटाला कुणाचा तरी रेफरल कोड आहे. त्या लिंकवरून जितके लोक सदस्य होतील तितकं कमिशन त्या कोडवाल्याला. बारा हजार वाचवणारं घर मला अजून भेटलेलं नाही, पण बारा हजार कमावणारा माणूस तिथे असू शकतो.