शेळी आणि गव्हाची ती गोष्ट मुलांना सांगू नका

मुलांना पैशाचा इतिहास सांगणारे व्हिडिओ आणि फॉरवर्ड होणारे मजकूर एकच गोष्ट सांगतात. पूर्वी पैसा नव्हता. शेळीवाल्याला गहू हवा असायचा, पण गहूवाल्याला शेळी नको असायची. या अडचणीतून नाणी आली, नाण्यांचं ओझं झालं म्हणून नोटा आल्या, आणि त्या नोटांमागे सोनं असतं. गोष्ट सुटसुटीत आहे, पण खरी नाही.

‘पूर्वी सगळे व्यवहार वस्तुविनिमयाने चालत.’ असा समाज कुठे सापडलेलाच नाही. मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलाइन हम्फ्री यांनी १९८५ मध्ये स्पष्ट लिहिलं की, निव्वळ वस्तुविनिमयावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेचं एकही वर्णन उपलब्ध नाही. तिच्यातून पैसा जन्मल्याचं तर नाहीच नाही. अदलाबदल होत असे, पण बहुधा परक्यांशी, किंवा पैसा माहीत असूनही हाती नसला तर. ओळखीपाळखीत उधारी चाले. आज तू गहू दे, पुढे तुला काही लागलं की मी आहेच. देणं त्याच क्षणी फेडायचं नसेल, तर शेळीवाल्याचं अडतंय कुठे?

‘मग नाणी आली.’ इथे तर हजारो वर्षं गाळली जातात, आणि नेमकी तीच सगळ्यात रंजक आहेत. लिडियात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, नाणी पडू लागली ती इ.स.पू. सातव्या शतकाच्या आसपास. त्याच्या कितीतरी आधी मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकच्या भागातली, मंदिरं आणि राजवाडे मातीच्या पाट्यांवर जव आणि चांदीच्या मापात हिशेब ठेवत होते. तिथल्याच बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या इ.स.पू. १७५० च्या सुमाराच्या कायद्यात धान्याच्या कर्जावर एक तृतीयांश आणि चांदीच्या कर्जावर २० टक्के व्याज ठरवलेलं आहे. व्याजाचा दर ठरला, आणि नाणं यायला अजून हजारेक वर्षं होती! इजिप्तमध्ये देर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीत वस्तूंची किंमत ‘देबेन’ या वजनाच्या तांब्यात सांगत. प्रत्यक्ष तांबं दर वेळी द्यावं लागत नसे. म्हणजे हिशेब आधी, नाणं नंतर.

‘ओझं झालं म्हणून नोटा.’ हे अर्धं खरं आहे. चीनच्या सिचुआनमध्ये लोखंडी नाणी खरोखरच जड होती. पण तिथल्या व्यापाऱ्यांनी काढलेला कागद म्हणजे ठेवीची पावती होती, पुन्हा एक देणंच. पुढे अकराव्या शतकात ते काम सरकारने आपल्याकडे घेतलं.

‘नोटेमागे सोनं असतं.’ डॉलरच्या बदल्यात परदेशी सरकारांना सोनं देणं अमेरिकेने १९७१ मध्ये थांबवलं. आज कोणत्याही देशाची नोट देऊन तिच्या बदल्यात ठरलेलं सोनं मागता येत नाही.

राहिला शेवटचा बचाव: ‘मुलांना एवढं कळणार नाही.’ हे मला अजिबात पटत नाही. कुणी आपला खाऊ घेतला आणि परत करायचा राहिला, हे मूल नाणी मोजायला शिकण्याआधीच पक्कं लक्षात ठेवतं. तिथूनच सुरुवात करा. वर्गात कोण कुणाचं काय देणं लागतं ते चिठ्ठ्यांवर लिहू द्या. मग विचारा, राजूने दिलेली चिठ्ठी मीनाने सलमाला दिली, तर सलमा ती घेईल का? का घेईल, आणि केव्हा नाकारेल?